गर्भ आहे, पण कुठे?

१९७६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पॅट्रिक स्टेप्टो आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांचा एक छोटा लेख छापून आला. इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावी या दोघांनी प्रयोगशाळेत बीजफलन करून गर्भ तयार केला होता आणि तो नळीवाटे अलगद आईच्या गर्भाशयात सोडला होता. गर्भ रुजलासुद्धा. पण ज्या पिशवीत त्याला नेऊन ठेवलं होतं तिथे तो राहिलाच नाही. उलट्या दिशेने सरकत तो गर्भनलिकेत शिरला, तिथे रुजला आणि शेवटी शस्त्रक्रिया करून काढावा लागला. त्याच ओल्डहॅममध्ये १९७८ साली लुईस ब्राऊन जन्मली आणि टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द जगभर सगळ्यांच्या तोंडी झाला. आधीचा तो भरकटलेला गर्भ मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ सोडले तर कुणाच्या लक्षात राहिला नाही.

हाताने जागेवर नेऊन ठेवलेला गर्भ जर हलू शकतो, तर निसर्गाच्या भरवशावर निघालेल्याचं काय? बीजफलन मुळात गर्भनलिकेच्या बाहेरच्या, रुंद भागात होतं. तिथून गर्भाशयापर्यंतचा प्रवास तीन-चार दिवसांचा. नळीच्या आतल्या बारीक केसांची लव आणि स्नायूंच्या लाटा त्याला पुढे ढकलत नेतात. पूर्वी होऊन गेलेला जंतुसंसर्ग, आपल्याकडे वरचेवर दिसणारा जननमार्गाचा क्षयरोग, नळीवरची आधीची शस्त्रक्रिया, धूम्रपान, यातलं काहीही ही वाट बिघडवतं. पण ज्यांना असा त्रास होतो त्यांतल्या जवळपास निम्म्या बायकांच्या बाबतीत असं कुठलंच कारण सापडत नाही. तेव्हा ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणून स्वतःला बोल लावण्यात अर्थ नाही.

शंभर गर्भधारणांपैकी एक किंवा दोन अशा अस्थानी असतात. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त नळीतच राहतात, आणि ‘नळीत गर्भ राहिला’ हे वाक्य आपल्या घरांतही अधूनमधून कानावर येतं. हा लेख उरलेल्या थोड्यांविषयी आहे: नळीच्या अगदी मुळाशी, गर्भाशयाच्या मुखात, अंडाशयावर, सिझेरियनच्या जुन्या टाक्यांत, क्वचित थेट पोटाच्या पोकळीत रुजलेल्या गर्भांविषयी. ते संख्येने कमी आहेत, पण फसवण्यात पटाईत आहेत.

मुळात गर्भ भलत्या ठिकाणी रुजू तरी कसा शकतो, हे आधी पाहू. आपली समजूत अशी की गर्भाशय ही सुपीक जमीन आणि बाकी सगळं शरीर नापीक. प्रत्यक्षात गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या ट्रोफोब्लास्ट नावाच्या पेशी भलत्याच खटपट्या असतात. समोर येईल त्या ऊतीत घुसायचं, आईच्या रक्तवाहिन्या उघडायच्या आणि तिथे वार बांधायला घ्यायची, हे त्या यकृतावर किंवा प्लीहेवरही करतात. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गर्भाशय वेगळं ठरतं ते या पेशींना आवर घालण्यात. त्याचं अस्तर त्यांना ठरावीक खोलीपर्यंतच शिरू देतं. आणि त्याच्या भिंतीत उभे-आडवे विणलेले जाड स्नायू असतात. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या उघड्या रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि रक्त थांबतं. बाळंतपण झाल्या झाल्या नर्स बाईच्या पोटावर हात दाबून पाहते ना, ती बेंबीखाली गोळा घट्ट लागतोय का हेच चाचपत असते. गोळा मऊ लागला की तिची धावपळ सुरू होते.

हे एकदा लक्षात आलं की दुर्मीळ जागांचा सगळा हिशेब उलगडतो. गर्भ जिथे बसलाय तिथे स्नायू किती, हा पहिला प्रश्न.

नळी गर्भाशयाच्या भिंतीतून जिथे आरपार जाते, तो एक-दोन सेंटीमीटरचा तुकडा घ्या. इथे चहूबाजूंनी स्नायू आहे, त्यामुळे भिंत ताणली जाते आणि गर्भ नळीतल्यापेक्षा मोठा होईपर्यंत बाईला काहीच जाणवत नाही असं होऊ शकतं. पण गर्भाशयाची आणि अंडाशयाची अशा दोन्ही रक्तवाहिन्या याच कोपऱ्यात एकमेकींना मिळतात. हा कोपरा फुटला तर रक्तस्राव नळी फुटल्यापेक्षा कितीतरी जोरदार असतो. शिवाय सोनोग्राफीत हा गर्भ पिशवीच्या आत असल्यासारखाच दिसतो, कारण एका अर्थाने तो भिंतीच्या आत असतोच. इथे अनुभवी डॉक्टर दोन गोष्टी पाहतात. गर्भकोषाच्या बाहेर स्नायूचा थर किती उरलाय, तो पाच मिलिमीटरहून कमी असेल तर संशय. दुसरी गोष्ट म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरापासून निघून थेट गर्भकोषाच्या कडेला टेकणारी एक बारीक पांढरी रेघ. आत व्यवस्थित बसलेल्या गर्भाभोवती अस्तर असतं. या गर्भापर्यंत त्याची नुसती एक रेघ पोचते.

गर्भाशयाच्या मुखाची गोष्ट अगदी उलटी. तिथे स्नायू फारच थोडा, बहुतेक सगळं चिवट कोलॅजन. तिथे रुजलेला गर्भ काढायला गेलं की रक्तवाहिन्या उघड्याच राहतात, त्यांना आवळणारं कुणी नसतं. आणि बाहेरून चित्र दिसतं ते साध्या गर्भपाताचं: पाळी चुकलेली, अंगावरून जातंय, आणि गर्भ पिशवीच्या खाली मुखाशी दिसतोय. आपोआप पडणारा गर्भही बाहेर येताना याच वाटेत काही काळ अडकतो. मग ‘पडतोच आहे, पिशवी साफ करून टाकू’ असं कुणालाही वाटेल. इथेच घोटाळा होतो.

या दोन्हींतला फरक ओळखायची पद्धत मला फार आवडते, कारण तिला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी करताना डॉक्टर प्रोबने हलकेच दाब देतात आणि पडद्याकडे पाहतात. सुटलेला गर्भकोष असेल तर तो मुखाच्या नळीत मागे-पुढे घसरतो, ओल्या साबणाच्या वडीसारखा. तिथेच रुजलेला असेल तर जागचा हलत नाही, मुखाबरोबरच सरकतो. जोडीला डॉप्लर लावला की रुजलेल्या गर्भाभोवती लाल-निळ्या ठिपक्यांचं कडं उमटतं, म्हणजे आईचं रक्त तिथे पोचतंय. सुटलेल्या गर्भाभोवती ते नसतं. रक्तस्राव सुरू झालाच तर मुखात फोली कॅथेटरचा फुगा फुगवून दाब देतात; लघवीसाठी घालतात तीच ही नळी.

असाच दाब देऊन पाहण्याचा उपयोग अंडाशयावरच्या गर्भासाठीही होतो. नळीतला गर्भ दाबल्यावर अंडाशयापासून वेगळा सरकतो, अंडाशयावरचा गर्भ अंडाशयाबरोबर हलतो. तरी निदान अवघडच, कारण बीज बाहेर पडल्यावर अंडाशयावर राहणारी पीतपिंडाची गाठही गोल आणि मधोमध काळी दिसते. पुष्कळदा दुर्बिणीतून ऑपरेशन करताना किंवा काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच उलगडा होतो. तांबी बसवलेली असताना दिवस राहिले तर या शक्यतेकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. तांबीमुळे असा गर्भ राहतो असा याचा अर्थ मात्र कुणी काढू नये. तांबी सगळ्याच गर्भधारणा कमी करते, पण तिचा पहारा मुख्यतः गर्भाशयात असतो. तिला चुकवून जे थोडे गर्भ राहतात, त्यांत बाहेरचे प्रमाणाने जास्त निघतात.

आता सिझेरियनच्या व्रणातला गर्भ. यावर थोडं थांबायला हवं, कारण बाकीचे प्रकार जुनेच आहेत आणि हा आपण वाढवत नेलेला आहे. वैद्यकीय साहित्यात त्याची पहिली नोंद दक्षिण आफ्रिकेतली, १९७८ची. तोवर सिझेरियन होत नव्हतं असं नाही, पण आजच्या इतकं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत भारतातल्या १७.२ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याची नोंद होती. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या फेरीत ती २१.५ टक्क्यांवर गेली, आणि महाराष्ट्रात चार बाळंतपणांमागे एक इथवर पोचली. दर दोन हजार गर्भधारणांमागे साधारण एक अशा व्रणात रुजते, असा अंदाज जगभरच्या अभ्यासांतून निघतो. टाके घातलेल्या बायका वाढल्या की हा आकडाही वाढणार.

टाके भरून येतात तेव्हा तिथे स्नायू पूर्वीसारखा जुळतोच असं नाही. कधीकधी आतल्या बाजूला एक खाच राहून जाते. पुढच्या खेपेला गर्भ नेमका त्या खाचेत उतरला तर त्याच्यासमोर अस्तर नसतं, स्नायूही नसतो. असतो नुसता व्रणाचा पातळ पडदा आणि त्याच्या पलीकडे मूत्राशय. सहाव्या-सातव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी केली तर पडद्यावर हे स्वच्छ दिसतं. गर्भाशयाचा वरचा भाग रिकामा, मुखाची नळी रिकामी आणि दोन्हींच्या मधे, समोरच्या भिंतीत गर्भकोष. मूत्राशय म्हणजे पडद्यावरचा काळा भाग. तो आणि गर्भकोष यांच्यामध्ये एरवी जाडजूड करडी भिंत असते. इथे ती दोन-तीन मिलिमीटरच्या दोऱ्यावर आलेली असते, कधी तेवढीही नसते.

गंमत म्हणावी की क्रूरपणा, पण हे चित्र फार दिवस टिकत नाही. गर्भ वाढू लागला की गर्भकोष वर, पिशवीच्या मोकळ्या पोकळीत पसरतो. आठ-नऊ आठवड्यांनी तीच बाई सोनोग्राफीला गेली तर गर्भ पिशवीत, ठोके चांगले, थोडा खालच्या बाजूला आहे इतकंच, असा दिलासा देणारा रिपोर्ट मिळू शकतो. मुळं मात्र व्रणातच असतात. पुढे वार तिथून खोलवर रुजते, कधी मूत्राशयापर्यंत जाते, आणि बाळंतपणात गर्भाशय काढायची पाळी येते. त्यामुळे आधीचं सिझर असलेल्या बाईने दिवस राहिल्याचं कळताच, ‘तिसऱ्या महिन्यात एकदमच करू’ असं न म्हणता, सहा-सात आठवड्यांनाच सोनोग्राफी करून घ्यावी, आणि आधीचं सिझर आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. आतून सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडच्या बायका संकोचतात, काही जणी नकोच म्हणतात. पण पोटावरून जे धुरकट दिसतं ते आतून मिलिमीटरमध्ये मोजता येतं, आणि इथे सगळा प्रश्नच मिलिमीटरचा आहे. हा गर्भ खऱ्या अर्थाने अस्थानी म्हणायचा का, कारण तो आहे तर गर्भाशयातच, असा वाद तज्ज्ञांत अधूनमधून रंगतो. टेबलावर रक्तस्राव थांबवत उभ्या असलेल्या सर्जनला त्या वादात रस असेलसं वाटत नाही.

याला जोडूनच मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांचं सांगायला हवं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकायला कायद्याने बंदी आहे, तरी त्या मिळतात. गर्भ पिशवीत नसेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. पण पिशवीच्या अस्तरातून रक्त जातंच, आणि ‘झालं, सुटले’ असं वाटतं. नळीतला गर्भ तोवर वाढत राहतो. दोन-तीन आठवड्यांनी पोटात असह्य कळ येते, चक्कर येते, कधीकधी तर खांदा दुखतो. खांद्याचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. पोटात साठलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं आणि श्वासपटलाच्या मज्जातंतूचं मूळ मानेतच असल्यामुळे मेंदूला ती वेदना खांद्यात जाणवते.

हे सगळं जिवंत बाईच्या पोटात पाहता येणं तसं अलीकडचं. अंडाशयावरच्या गर्भाचे निकष जर्मन डॉक्टर ओटो स्पीगेलबर्ग यांनी १८७८ साली मांडले. गर्भाशयमुखातल्या गर्भाचे निकष न्यूयॉर्कच्या रुबिन यांनी १९११मध्ये, आणि पोटाच्या पोकळीतल्या गर्भाचे स्टडिफोर्ड यांनी १९४२मध्ये. तिन्ही नीट वाचले की ध्यानात येतं, ते लागू करायला अवयव हातात यावा लागतो. गर्भकोषाच्या भिंतीत अंडाशयाची ऊती सापडली का, वारेच्या समोर मुखाच्या ग्रंथी आहेत का, हे सांगायचं तर आधी ऑपरेशन तरी झालेलं असावं, नाहीतर शवविच्छेदन. नळी फुटलेल्या बाईचं पोट उघडून तिला वाचवण्यात बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांना १८८३ साली यश आलं. त्याआधी बहुतेक वेळा डॉक्टर नुसते उशाशी बसून असत.

बदल दोन दिशांनी आला. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८मध्ये अल्ट्रासाउंडने पोटातली चित्रं काढून दाखवली, आणि ऐंशीच्या दशकात आतून सोनोग्राफी रुळली. दुसरीकडे १९७२मध्ये ज्युडिथ वायटुकायटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातलं बीटा एचसीजी हे संप्रेरक अचूक मोजायची पद्धत दिली. ट्रोफोब्लास्टच हे संप्रेरक बनवतो. त्यामुळे गर्भ कुठेही असो, यूपीटीच्या, म्हणजे लघवीवरून दिवस राहिलेत का ते सांगणाऱ्या चाचणीच्या, पट्टीवर दोन रेघा येतात. पट्टीला ‘आहे का’ एवढंच कळतं, ‘कुठे’ ते कळत नाही.

एचसीजीचा आकडा किती झाल्यावर गर्भ पिशवीत दिसायलाच हवा, याची एक मर्यादा पूर्वी पंधराशे ते दोन हजार धरत. आता बरेच तज्ज्ञ साडेतीन हजारांपर्यंत थांबा म्हणतात, कारण जुनी मर्यादा काटेकोर पाळून चांगल्या गर्भांनाही वाढ थांबवणारं औषध दिलं गेल्याची उदाहरणं आहेत. एका आकड्यापेक्षा ४८ तासांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या जास्त बोलक्या असतात. सुरुवातीचा आकडा पंधराशेच्या आत असेल तर निरोगी गर्भात तो दोन दिवसांत निदान ४९ टक्के वाढतो. रखडत वाढला तर शोध पुढे चालू ठेवायचा. या मधल्या दिवसांत रिपोर्टवर ‘ठिकाण अज्ञात’ अशा अर्थाचा शेरा असतो. तो वाचून घरचे घाबरतात. डॉक्टर अजून शोधतायत, एवढाच त्याचा अर्थ. त्या दोन दिवसांत बाईला एकटीला प्रवासाला पाठवू नये आणि जवळचं मोठं हॉस्पिटल कुठलं ते पाहून ठेवावं.

वेळेत सापडलं तर चाकू न लावताही भागतं. मेथोट्रेक्सेट हे औषध पेशींना फोलेट हे जीवनसत्त्व वापरू देत नाही, त्यामुळे भराभर वाढणारा ट्रोफोब्लास्ट उपाशी पडतो. अस्थानी गर्भासाठी ते पहिल्यांदा १९८२मध्ये जपानमध्ये तानाका यांनी वापरलं, आणि तेही नळीच्या मुळाशी बसलेल्या एका दुर्मीळ गर्भासाठीच. या औषधांच्या कुळाचं मूळ आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्यापर्यंत जातं. अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत त्यांच्या गटाने फोलेटविरोधी औषधं तयार केली, ती ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी. एरवी प्रत्येक गर्भवतीला फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घे म्हणून मागे लागणारे डॉक्टर इथे त्याच गोळ्या बंद करायला सांगतात. औषध दिल्यावर चौथ्या दिवशी एचसीजी थोडं वाढलेलं दिसलं तर धसका घ्यायचं कारण नाही. चौथ्या आणि सातव्या दिवसांच्या दरम्यान ते १५ टक्क्यांनी उतरतंय का, हे पाहतात. ‘तो गर्भ काढून पिशवीत लावता येणार नाही का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जोडपं विचारतं. नाही लावता येत. रक्तपुरवठ्याची ती जोडणी एकदा तुटली की परत जुळवण्याचं तंत्र आज कुणाकडेही नाही.

पोटाच्या पोकळीतला गर्भ सगळ्यांत चकवा देणारा. तिथे तो कधीकधी पूर्ण महिन्यांपर्यंत वाढतो, क्वचित जिवंत बाळही जन्मतं. सोनोग्राफीत डोकं, ठोके, मांडीचं हाड सगळं मापात दिसतं. डोळा बाळावरच खिळतो आणि बाळाभोवती गर्भाशयाची भिंत आहे का, हे पाहायचं राहून जातं. भरल्या दिवसांत कळा आणायची औषधं देऊनही कळा येत नाहीत, तेव्हा कुठे शंका येते. वार आतड्यांना किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असली तर सर्जन बाळ काढून वार तिथेच सोडून देतात. ती ओढायची नाही. ओढली तर तिथल्या रक्तवाहिन्या आवळणारा स्नायूच नाही.

अशा गर्भाचा मृत्यू झाला आणि तो काढला गेला नाही, तर शरीर त्याच्याभोवती चुन्याचं कवच चढवतं. फ्रान्समधल्या साँस गावी १५८२मध्ये कोलोंब शात्री नावाची ६८ वर्षांची बाई वारली, तेव्हा तिच्या पोटात २८ वर्षांपूर्वीचा असा पाषाणगर्भ सापडला. इतकं लांब जायलाही नको. २०१४ साली नागपुरात डॉक्टरांनी ६० वर्षांच्या एका बाईच्या पोटातून ३६ वर्षांपूर्वीच्या गर्भाचा सांगाडा काढला. बाई मध्य प्रदेशातली. चोविसाव्या वर्षी दिवस गेले होते, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, ती घाबरून गावी परतली. काही महिन्यांनी दुखणं थांबलं आणि विषय तिथेच संपला. साठीत पुन्हा पोट दुखू लागलं, सोनोग्राफीत गोळा दिसला आणि आधी कर्करोगाचाच संशय आला. पुढच्या स्कॅनमध्ये हाडं मोजता आली.

आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, काळाने आणखी एक जुना विरळा प्रकार पुढे आणलाय: एक गर्भ पिशवीत आणि त्याच वेळी दुसरा बाहेर. निसर्गतः हे तीस हजारांत एकदा होतं असं मानतात, पण दोन-तीन गर्भ सोडलेल्या उपचारांनंतर हजारांत एक, काही नोंदींत शंभरात एक इतकंही. इथे एचसीजीचा काहीच उपयोग नाही, कारण पिशवीतला गर्भ तो आकडा व्यवस्थित वाढवत राहतो. मेथोट्रेक्सेट देता येत नाही, आतला गर्भ हवा असतो. भिस्त सगळी सोनोग्राफी करणाऱ्याच्या सवयीवर. पिशवीत ठोके दिसले, नवरा-बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी प्रोब काढून न घेता तो दोन्ही बाजूंच्या अंडाशयांकडे वळतो का?

आणि एक नोंद पिशवी नसलेल्यांची. गर्भाशय काढल्यानंतर राहिलेल्या अस्थानी गर्भाचा पहिला रुग्ण १८९५मध्ये वेंडेलर यांनी नोंदवला. त्यानंतरही जगभरातून असे तुरळक रुग्ण येत राहिलेत. काहींत ऑपरेशनच्या आदल्या दिवसांत फलन झालेलं होतं आणि गर्भ नळीत मागे राहिला होता. काहींत टाक्यांच्या जागी राहिलेल्या बारीक फटीतून शुक्राणू वर पोचले. अंडाशय शाबूत असलेली चाळिशीच्या आतली बाई पोट धरून कॅज्युअल्टीत येते, पिशवी काढलीय म्हणून सांगते, आणि ड्यूटीवरचा डॉक्टर तरीही नर्सला म्हणतो, यूपीटी करून टाका.